बारागाड्यांचा पट्टा

चुडामण भगताला खाटेवरून उठायला भिंतीतली खुंटी धरावी लागत होती. हे कोणाला कळू नये म्हणून त्याने आपली खाट ओसरीवरून हलवून मधल्या घरात, बरोबर खुंटीखाली नेली. नेली म्हणजे त्याच्या बायकोने, बेबाबाईने, ओढत नेली. हा दाराला टेकून ‘अशी घे, तशी घे’ करत होता. बासष्ट वर्षांची बाई कमरेत वाकून खाट ओढते आहे, आणि ज्याच्या नावावर अठ्ठावीस आखाज्यांच्या बारागाड्या जमा आहेत तो सहासष्टीचा गडी नुसतं तोंड चालवतो आहे, यात काही वावगं आहे असं त्याला वाटलं नाही. भगताने शक्ती जपायची असते, असं त्याचं म्हणणं होतं.

सत्त्याऐंशी सालची ही गोष्ट. फैजपूरपासून दोन कोसांवर, केळीच्या बागांत दडलेलं पिंपरखेडे गाव. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तिथे मरीमायच्या बारागाड्या निघतात. बारा बैलगाड्यांचे बैल सोडायचे, गाड्या एकीमागे एक साखळीने बांधायच्या, वर माणसं उभी करायची. पहिल्या गाडीचा दोर भगताच्या कमरेच्या चामडी पट्ट्याला, त्यातल्या लोखंडी आकड्यात अडकवायचा आणि भगताने त्या पारापासून देवळापर्यंत ओढत न्यायच्या. एका माणसाने बारा गाड्या ओढायच्या म्हणजे मायची कृपा पाहिजे हे खरं, आणि देवळाकडे रस्त्याला उतार आहे हेही खरं. सगळी कसोटी पहिल्या हिसक्याची. चाकं एकदा हलली की पुढचं उतार बघून घेतो. पण तो पहिला हिसका मांड्यांतून आणि कमरेतून यावा लागतो. चुडामणच्या मांड्या एके काळी अशा होत्या की गावातले पहिलवान त्यांच्याकडे बघून गप्प बसत. आता तेच धोतर पायांभोवती दोन वेढे जास्त घेत होतं.

पट्ट्याचा नियम सोपा होता. भगताने आपल्या हाताने सोडून ज्याच्या कमरेला बांधला, मान त्याचा. ओढून कोणी घेऊ शकत नाही. भगताचं घराणं एकच, पण त्याच्या दोन चुली. एका घरात पट्टा असला की दुसऱ्या घराकडे उजवी बगल. बगल्या म्हणजे गाड्या ओढताना भगताच्या काखेत हात घालून शेजारी पळणारा माणूस. डाव्या बगलेला दरवर्षी कोणीही असे. उजवी बगल मात्र मानाची. भगत पडला तर त्याला सावरायचं ते उजव्या बगल्याने, आणि गाड्या देवळाला लागेपर्यंत, नारळ फुटेपर्यंत, बगल्यांखेरीज भगताच्या अंगाला कोणी हात लावायचा नाही.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी ओंकारकाकाने पट्टा सोडला तेव्हा समोर दोन पुतणे उभे होते, चुडामण आणि त्याचा चुलतभाऊ झिपरू. झिपरू तीन वर्षांनी लहान, पण जास्त जोरकस. साऱ्या गावाला ते माहीत होतं. काकाने वय पाहिलं आणि पट्टा चुडामणला बांधला. त्या दिवसापासून झिपरूने त्याला ‘भाऊ’ म्हणणं सोडलं. नुसतं ‘चुडामण’. आणि त्या दिवसापासून दर आखाजीला तो उजव्या बगलेला उभा राहत आला, एका शब्दानेही न बोलता, चुडामणचा दंड पंजात पकडून. अठ्ठावीस वर्षं दोघे एकमेकांना पाण्यात पाहत होते आणि वर्षातून एकदा, दोन फर्लांग, एकमेकांच्या गळ्यात गळा घालून पळत होते.

तीन वर्षांपूर्वी पहिल्या हिसक्याला गाड्या अडल्या. दुसऱ्याला हलल्या, पण चुडामण धास्तावला. त्याने विचार केला, आणि त्याच्या डोक्यात असं आलं की उपास कमी पडला. ओंकारकाका नऊ दिवस धरायचा, हाही नऊच दिवस धरत होता. पुढच्या साली त्याने एकवीस दिवस धरला. गाड्या फुलासारख्या निघाल्या. त्याच्या पुढच्या साली तीस दिवस. गाड्या इतक्या हलक्या की दोर सैल पडायला लागला. मग काय, चुडामणची खात्रीच पटली. यंदा चाळीस दिवस. दिवसाला चार केळी आणि कोरा चहा. शेतात जाणं बंद, पाण्याची बादली उचलणं बंद, खांद्यावर केळीचा घड घेणं तर केव्हाच बंद. शक्ती साठवायची आणि आखाजीला एकदम काढायची. धान्याची कोठी असते तसं अंग असतं असं तो धरून चालला होता.

उपास सुरू व्हायच्या आधी एकदा फैजपूरच्या स्टँडवर त्याला एसटीची पायरी चढवेना. मागची माणसं ‘चला आजोबा, चला’ करायला लागली. शेवटी त्याचा मुलगा तोताराम याने त्याला मागून उचलून आत घातलं. सगळ्या रस्त्याने चुडामण त्याच्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी तोतारामने त्याला गोड बोलून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण होता. त्याने मांडी चेपून पाहिली, हातात हात देऊन ‘दाबा जोरात’ म्हणाला, मग खुर्चीवर बसवलं आणि हात न टेकता उठायला सांगितलं. चुडामण दोनदा उठू लागला आणि दोनदा मागे बसला.

“आजोबा, आजार काही नाही,” डॉक्टर म्हणाला. “अंगातलं मांस गेलंय. वय झालं की थोडं जातंच, पण तुमचं पडून राहण्याने आणि उपासाने गेलंय. रोज असं खुर्चीवर बसायचं आणि उठायचं. आज पाच वेळा, महिन्याने वीस वेळा. डाळ खा, दूध घ्या, शेंगदाणे खा. अंडं चालत असेल तर अंडं.”

अंडं ऐकून चुडामणने कानांत बोटं घातली. बाहेर आल्यावर तो तोतारामवर भडकला. “मरीमायच्या भगताले उठाबशा काढायले लावतो? शाळंतल्या पोरावानी?” डॉक्टरने लिहून दिलेला कागद त्याने रस्त्यावर टाकला. तोतारामने तो उचलला आणि घरी येऊन आईला वाचून दाखवला. बेबाबाईला वाचता येत नव्हतं, पण डाळ, दूध, शेंगदाणे आणि उठबस एवढं तिच्या पक्कं लक्षात राहिलं.

आखाजीला आठ दिवस उरले तेव्हा गाड्या ठरवायला पारावर बैठक बसली. कोणाची गाडी पहिली, कोणाची शेवटची, यावर दरवर्षी तासभर भांडण होतं. यंदा ते झालंच नाही, कारण झिपरूने आधीच तोंड उघडलं.

“यंदा आठच गाड्या बांधू,” तो म्हणाला.

“काहून?” चुडामणने विचारलं.

“तुह्याकडे पाहून.”

पारावरची माणसं जमिनीकडे बघायला लागली. चुडामणचा उपासाचा बत्तिसावा दिवस होता. गालांत खड्डे पडले होते आणि सदरा खांद्यावर लोंबत होता. पण आवाज अजून भगताचा होता. तो म्हणाला, “अठ्ठावीस वर्सं वढल्या मी. येकट्यानं. सम्दं गाव पाहत आलं.”

“सव्वीस वर्सं वढल्या,” झिपरू म्हणाला. “मी नाही म्हनतो का? मी बगलेले व्हतो. माह्याएवढं जवळून कोनी पाह्यलं नाही. पन दोन वर्सं नाही वढल्या.”

“मंग कोनी वढल्या? तुह्या बापानं?”

“ढकलल्या. मांगून ढकलल्या पोराईनं. बाराव्या गाडीच्या मांगं पंधरा-वीस जन उभे राहातात. तुह्या तोत्यानंच उभे केले.” झिपरूने आपला उजवा पंजा वर धरला आणि अंगठा मधल्या बोटाला टेकवून कडं केलं. “आन् हे पाह्य. गेल्या साली तुह्या दंडाले हे बोट त्या बोटाले भिडलं. सदऱ्यावरून. म्या तठीच वळखलं.”

चुडामणने तोतारामकडे पाहिलं. तोताराम पाराच्या कडेला उभा होता. पस्तिशीचा, दोन लेकरांचा बाप, पण मान खाली घालून चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत होता.

“तोत्या, झूठ बोलू राह्यला ना हा?”

“आबा, घरी चला,” तोताराम म्हणाला.

उत्तर मिळालं. चुडामणच्या अंगाचा तिळपापड झाला. कोणाचा राग जास्त आला हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं, झिपरूचा की पोटच्या पोराचा. तो काठी टेकत उभा राहिला. उभं राहताना गुडघा लटपटला आणि तेही झिपरूने पाहिलं.

“बाराच गाड्या बांधा,” चुडामण ओरडला. “आन् बाराव्या गाडीच्या मांगं चुन्याची रेघ मारा. रेघीच्या आत जो पाय टाकीन तो मायचा गुन्हेगार.”

“आन् नाही हालल्या तं?”

“तं पट्टा तुह्या रुपचंदले. ह्या हातानं बांधीन. सम्द्याईसमोर.”

रुपचंद म्हणजे झिपरूचा मुलगा. अठ्ठावीस वर्षं झिपरू जे ऐकायला टपला होता ते चुडामणने स्वतःच्या तोंडाने बोलून दाखवलं होतं. झिपरूने लगेच बसल्या जागी चार म्हाताऱ्यांना साक्षीला धरलं.

घरी आल्यावर चुडामणने तोतारामवर काठी उगारली. काठी वर गेली आणि वरच थरथरत राहिली. तोताराम बाजूला झाला नाही, हातही आडवा धरला नाही. म्हाताऱ्याचा मार लागणार नाही हे त्याला ठाऊक होतं आणि चुडामणला तेच जास्त झोंबलं.

“माह्याशी खोटं बोलला. मायशी खोटं बोलला,” तो म्हणाला.

“आबा, पोरं ढकलले नसते तं त्याच साली तुमचा पट्टा गेला असता.”

“गेला असता तं गेला असता! मी समजून घेतलं असतं. दोन वर्सं मी देव्हाऱ्यासमोर बसून मायले म्हनलो, माय, तुही किरपा झाली. कोनाची किरपा झाली व्हती रे? तुह्या दोस्ताईची?”

तोताराम बाहेर निघून गेला. बेबाबाईने चुलीजवळून ताट आणलं. उडदाची घोटलेली डाळ आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी.

“खा,” ती म्हणाली. “अजून आठ दिवस हाये. डॉक्टर म्हने, दाळ...”

चुडामणने ताट ढकललं. डाळ सारवलेल्या जमिनीवर पसरली. बेबाबाईने ताट उचललं, फडक्याने डाळ पुसली आणि म्हणाली, “नका खाऊ. पन मी पहिल्या गाडीवर कलश घेऊन उभी राहातो दरसाल. मले तठून सम्दं दिसते. पुढचंबी दिसते, मांगचंबी दिसते. दोन वर्सं पाहू राह्यली मी ते पोरं.”

म्हणजे हिलाही माहीत होतं. साऱ्या गावाला माहीत होतं आणि एकटा चुडामण चार केळी खाऊन मायचे आभार मानत बसला होता. तो खाटेवर आडवा झाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. खरं सांगायचं तर त्याला भीती वाटत होती. रागाच्या खाली ती सारखी होती, आणि ती झाकायला राग पुरत नव्हता. त्याने रात्री-अपरात्री नाही, भर दुपारी, कोणी नसताना, खुंटी न धरता उठून पाहिलं. जमलं नाही. तरी त्याने उपास सोडला नाही. आता सोडला तर चाळीस दिवसांचं पुण्य जाईल आणि मग कशाच्या बळावर ओढायचं, असा त्याचा हिशोब होता.

आखाजीच्या दिवशी घरोघरी घागरी पुजल्या गेल्या, कडुलिंबाच्या झाडांना झोके लागले. माहेरी आलेल्या पोरी गाणी म्हणत होत्या. चार वाजता चुडामणला आंघोळ घातली, कपाळभर हळद लावली, पट्टा बांधला. पट्ट्याला तीन भोकं नवी पाडावी लागली. पारापाशी बारा गाड्या लागल्या होत्या, वंगण घातलेल्या, वर माणसं दाटीवाटीने उभी. पहिल्या गाडीवर बेबाबाई, डोक्यावर कलश. आणि बाराव्या गाडीमागे चुन्याची पांढरी रेघ. रेघेच्या पलीकडे तोताराम आणि गाड्या ढकलणारी ती पोरं हात बांधून उभी होती.

आकडा अडकला. झिपरूने उजव्या काखेत हात घातला आणि दंड पकडला. चुडामणला त्याची बोटं एकमेकांना भिडलेली कळली. भिडून एक पेर पुढे गेली होती.

ढोल वाजला. लोकांनी मायचा जयजयकार केला. चुडामणने सारा जीव टाचांत आणला आणि हिसका दिला. दोर ताणला गेला, पट्टा पोटात रुतला, आणि बस. दुसरा हिसका. मागे कुठेतरी साखळी वाजली, चाक हललं नाही. तिसऱ्याला त्याचा पाय घसरला आणि झिपरूने त्याला वर धरलं म्हणून तो तोंडावर पडला नाही. ढोल वाजवणारा थांबला. त्याने थांबायला नको होतं, पण थांबला.

“म्हन,” झिपरू कानाशी म्हणाला. “ढकला म्हन. येक शबूद. ते पोरं तयारच हायेत.”

“मर,” चुडामण म्हणाला.

“मी पडू देत नाही तुले. उभा राह्य. पाहू दे गावाले.”

आणि तो खरंच पडू देत नव्हता. चुडामणच्या पायांत उभं राहण्याएवढंही बळ उरलं नव्हतं. तो झिपरूच्या हातावर लोंबकळत होता आणि लांबून बघणाऱ्याला वाटत होतं की भगत अजून ताठ आहे. ऊन कपाळावर होतं. हळद घामाने डोळ्यांत उतरत होती. मागे कोणीतरी गाडीवरून खाली उडी मारली. मग आणखी एकाने. ‘लेकरू तापलं,’ असं एक बाई म्हणाली आणि तीही उतरली. आजवर गाड्या देवळाला लागायच्या आधी कोणी उतरलं नव्हतं. प्रत्येक उतरणाऱ्याचा धप्प आवाज चुडामण पाठमोरा ऐकत होता. त्याने चौथा हिसका दिला. तो हिसका नव्हताच, नुसतं पुढे झुकणं होतं.

मग समोरच्या माणसांच्या माना एकदम वळायला लागल्या. पारावरच्या, भिंतींवरच्या, घरांच्या छतांवर बसलेल्या पोरांच्या. कोणाच्या तरी पाठोपाठ सगळ्यांच्या नजरा पुढून मागे सरकत गेल्या. चुडामणला वळता येत नव्हतं.

“कोन हाये?” त्याने विचारलं.

झिपरू मागे बघत होता. त्याच्या आवाजातली मस्ती गेली होती. “तुही बायको,” तो म्हणाला. “कलश ठेवला तिनं गाडीवर. चालू राह्यली मांगं.” थोड्या वेळाने म्हणाला, “रेघ वलांडली. हात लावला बाराव्या गाडीले.”

“नको म्हना तिले! तोत्या! नको म्हना!”

कोणी ऐकलं नाही. मागून एक आरोळी उठली, पुरुषांची आणि बायकांची एकत्र, आणि साखळ्या एकामागून एक खणखणत पुढे आल्या. पट्टा एकदम सैल पडला. चाकं हलली. उतार सुरू झाला आणि आता थांबायचं म्हटलं तरी थांबता येईना, कारण थांबला तर बारा गाड्या अंगावरून गेल्या असत्या. चुडामण पळाला. पळाला म्हणजे झिपरूने आणि डाव्या बगल्याने त्याला पळवला. अर्ध्या रस्त्याने त्याचे पाय जमिनीला लागतच नव्हते. बाजूने लोक ओरडत होते, गुलाल उडवत होते, आणि तो रडत होता. घाम समजून कोणी विचारलं नाही.

देवळाशी गाड्या ओंडके लावून अडवल्या. चुडामणने पायरीवर गुडघे टेकले आणि डोकं ठेवलं. आता उठून नारळ फोडायचा, की झालं. झिपरूने काखेतला हात काढून घेतला. डावा बगल्या मागे सरकला.

चुडामणने दोन्ही हात पायरीवर रोवले आणि जोर केला. कंबर वीतभर उचलली आणि परत बसली. पुन्हा केला. तोताराम गर्दीतून धावत पुढे आला, तसा झिपरूने हात आडवा धरला.

“भगताले बगल्याबिगर कोनी हात लावत नाही,” तो म्हणाला. “नारळ फुटला नाही अजून.”

आणि ते खरं होतं. तोताराम जागीच थांबला. नारळ समोर ठेवून बसलेल्या चुडामणकडे सारं गाव बघत होतं आणि बसून नारळ फोडता येत नव्हता.

“उठव,” चुडामण म्हणाला. इतकं हळू की फक्त झिपरूला ऐकू गेलं.

“आंधी पट्टा.”

“गाड्या आल्या ना देवळाशी.”

“कोनी आनल्या? सांग मोठ्यानं.”

ते सांगण्यापेक्षा पट्टा सोडणं सोपं होतं. बकलाला बोटं लागली, पण चिमटीत जोर नव्हता. दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा निघालं. रुपचंद पुढे येऊन उभा राहिला. चुडामणला उठता येत नव्हतं, म्हणून त्याने बसल्या बसल्याच त्याच्या कमरेला पट्टा आवळला. पोराच्या मांड्या डोळ्यांसमोर होत्या, खांबासारख्या. नवी पाडलेली तीन भोकं सोडून पट्टा जुन्या भोकावर, चुडामणच्या तिशीतल्या भोकावर, बरोबर बसला.

मग झिपरूने काखेत एक हात घातला आणि त्याला उचलून उभं केलं. एकाच हाताने. आणि उचलता उचलता त्याच्या तोंडून निघून गेलं, “किती हलका झाला रे भाऊ तू.”

अठ्ठावीस वर्षांनी ‘भाऊ’. एवढ्या वेळात झिपरू जे जे बोलला ते सगळं चुडामणने सोसलं होतं. हे सोसवेना. झिपरूला त्याची कीव आली होती. चुडामणने नारळ फोडला, त्याचा हात झटकला आणि तोतारामच्या खांद्यावर भार टाकून घरी आला. बायकोशी बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खाटेवर बसून होता. बेबाबाई चुलीपुढे होती. तो म्हणाला, “रेघ काहून वलांडली?”

“तुमच्यासाठी नाही,” ती मागे न बघता म्हणाली. “तासभर कलश डोक्यावर घेऊन मान मोडली माही.”

चुडामणने चुलीकडे तोंड वळवलं.

“दाळ वाढ.”

तिने वाढली. त्याने दोन वाट्या डाळ आणि दीड भाकरी खाल्ली, वर पेलाभर दूध प्याला, आणि सगळं खाताना चेहरा असा केला की औषध पाजतंय कोणी. मग तोतारामला हाक मारली. दोघांत अजून बोलणं नव्हतं, म्हणून त्याच्याकडे न बघताच बोट दाखवलं. “ती खुंटी काढ.”

“आबा, मंग उठसान कसे?”

“काढ म्हनलो ना.”

तोतारामने खुंटी हलवून उपटली आणि तो भिंतीतल्या भोकाकडे एकदा बघून शेतात निघून गेला. चुडामण खाटेच्या कडेला सरकला. हात छातीशी बांधले. पहिल्यांदा मागेच बसला. झिपरूला एक शिवी दिली आणि पुन्हा जोर लावला, तेव्हा कसाबसा उठला. परत बसला. पुन्हा उठला.

“रुपचंद भगत झाला,” तो धापा टाकत म्हणाला. “मंग आता उजवी बगल कोनत्या घराची?”

बेबाबाईने भाकरी थापता थापता विचार केला. “आपल्या.”

“मंग?”

“मंग काय? तोत्या धरीन.”

“तोत्या काय धरीन? तो तं दयाळू हाये तुह्यावानी.” त्याने उजवा पंजा समोर धरला आणि अंगठा मधल्या बोटाला टेकवून कडं केलं. “मी धरतो. पोरगं आज खांबावानी हाये. पन झिपऱ्यानं अठ्ठावीस वर्सं वाट पाह्यली ना? मीबी पाहातो. येक ना येक दिवस त्याच्या दंडाले हे बोट त्या बोटाले भिडीन.”

“तव्हा तुम्ही शंभरीले लागसान.”

“लागतो ना. काय बिघडलं?”

बेबाबाईने भाकरी तव्यावर टाकली आणि हात धुतले. त्याच्या पंजाकडे पाहिलं, त्याच्या पायांकडे पाहिलं.

“बसा मंग,” ती म्हणाली. “डॉक्टरनं पाच सांगतले. तुमचे दोनच झाले.”

तो दात-ओठ खात बसला आणि उठला.

“तीन,” बेबाबाई म्हणाली.